राब कोणी भाजला?

“ओ ताई, ते माझ्या गाडीत नाय येणार हां. आधीच सांगून ठेवतो.”

मी मान वर केली. खोडाळ्याचा बाजार मोडत आला होता. पालं सुटत होती, सुकटवाल्या बाया टोपल्या झाडत होत्या, आणि मी एका जीपच्या मागे, कुजक्या कोबीनं गच्च भरलेल्या गोण्यांच्या राखणीला उभी होते. एका गोणीतून टोमॅटोचं पाणी ठिबकत होतं... थेट माझ्या चपलेवर. अशा वेळी समोर येणारा माणूस दिसायला बरा असू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. पण नाही!

उंच, सावळा, खांद्यावर गमछा. आणि भुवया अशा, की एक वर गेली तरी दुसरी जागची हलत नाही. मला एक सवय आहे. माणूस भेटला की मनात त्याच्या नावाचं खातं उघडते. याचं उघडलं. जमेला भुवई. खर्चाला ‘ताई’.

“ताई म्हणालात ना?” मी म्हटलं. “मग झालं की. भावानं बहिणीचं ओझं न्यायचंच असतं.”

“मग ताई नाय म्हणालो असं समजा.”

“आता कसं समजू? सगळ्या बाजारानं ऐकलंय.”

शेजारी चिंबोऱ्या विकायला बसलेली म्हातारी खुदकन हसली. त्याचे कान लाल झाले. सावळ्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघत होते.

“पण हे हाय काय? वास बघा जरा! माझ्या गाडीत माणसं बसतात.”

“माणसांना वास नसतो?”

“असतो. पण ती आपापल्या फाट्यावर उतरतात. हा वास उतरणार नाय.”

“टपावर टाका.”

“टपावर कोंबड्या हायेत.”

“मग कोंबड्यांना विचारा, चालेल का. मला वाटतं खूश होतील.”

तो हसला. हसला म्हणजे — आधी ओठ घट्ट मिटले, मग गाल फुगले, आणि मग एकदम सुटला. हसता हसताच त्यानं गोणी उचलली, आणि टोमॅटोचा लाल ओघळ त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून खाली आला. त्यानं शर्टाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि सरळ दुसरी गोणी उचलली.

जमेला आणखी एक.

“एवढा कचरा नेता कुठं?” गाडी सुरू करताना त्यानं विचारलं.

“सासरी.”

“लग्न... झालंय?”

‘लग्न’ आणि ‘झालंय’ यांच्यामध्ये त्यानं एवढी जागा सोडली, की तेवढ्यात अख्खी बैलगाडी निघून गेली असती.

“नाय झालं,” मी खिडकीबाहेर बघत म्हटलं. “म्हणून तर अजून माल जमवतेय.”

त्याचं नाव हरेश. दाभोशाचा. काही वर्षं ठाण्याला टेम्पो चालवून परत आला होता आणि आता स्वतःची जीप होती. हे मी विचारलं नाही. आमच्या पाड्याचा फाटा येईपर्यंत त्यानं आपणहूनच सांगितलं.

त्या गोण्यांचं खरं काय ते त्याला सांगायला हरकत नव्हती. पण मला मजा येत होती.

खरं असं होतं. शाळेत मला शिकवणाऱ्या शीलाबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी जव्हारजवळ, शिरपामाळच्या फाट्याला, नर्सरी काढली. आंबा-काजूची रोपं सगळेच करतात. बाईंनी सूचीपर्णी झाडं धरली: मोरपंखी, ख्रिसमस ट्री, असली. नाशिककडच्या बंगल्यांना दारात हिरवे सुळके लागतात ना, ते. मी बारावीनंतर शेतीचा छोटा कोर्स केलेला, म्हणून बाईंनी मला कामावर घेतलं. मोरपंखीची कोवळी फांदी कापायची, पिशवीत खोचायची, मुळं धरली तर रोप. सोपं वाटतं. पण मोरपंखी म्हणजे मोठ्या घरची लेक. पाणी साचलेलं चालत नाही, माती घट्ट झालेली चालत नाही. म्हणून पिशव्या भरायला आम्ही लांबून नारळाचा भुसा मागवत होतो. गेल्या खेपेचा भुसा खारट निघाला. बघता बघता सगळ्या रोपांची टोकं तांबडी पडली आणि वाफेच्या वाफे गेले.

बाई त्या दिवशी रोपांसमोर खुर्ची टाकून बसल्या. “बास चंदना,” म्हणाल्या. “आता हे जमणार नाही. एक पावसाळा बघू आणि कुलूप लावू.”

“बाई, भुशाच्या जागी खत वापरू, ते आपणच करू,” मी म्हटलं. “बाजारात कुजून जातं ते, रानातला वाळका पातेरा, शेण, उसाची चिपाडं... नीट कुजवलं की मऊ, काळं, हलकं होतं. मला एक संधी द्या.”

“इथं वास मारेल. शिरपामाळ बघायला येणारे लोक थांबतात इथं.”

“आमच्या रानात करते.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “कर. या पावसाळ्यात रोपं लागली, तर सूचीपर्णीचा सगळा विभाग तुझा. नाहीतर...”

नाहीतर ठाणे. तिथे मावशी होती आणि एका कंपनीत पॅकिंगचं काम तयार होतं. बा म्हणालाही होता, “नर्सरी मिटली तर जा मावशीकडं.” ठाण्याला मी एकदा राहून आले होते. तिथं झाड कुंडीत असतं आणि माणूसही.

म्हणजे माझं इथं राहणं न राहणं त्या सडक्या कोबीवर येऊन टेकलं होतं.

मग दर बाजाराला मी, गोण्या आणि हरेशची जीप. हळूहळू मला गोण्या भरायचं कामच उरलं नाही. मी पोचायच्या आत त्या भरून, तोंड बांधून तयार. रसवंतीवाल्याची चिपाडं वेगळी, देवळातला झेंडू वेगळा.

“एवढी उस्तवार कशाला?” मी विचारायचे.

“गाडीचं भाडं हाय त्यात.”

“भाडं तर अजून मागितलं नाहीस.”

“मागीन की. घाई कसली?”

पुढची सीट माझी ठरून गेली. आणि इथं मला एक गोष्ट कळली. जीपचा गिअर दोघांच्या मधे. तिसरा टाकायचा तर त्याचं कोपर माझ्या हाताला लागणार. म्हणून हा माणूस तिसरा टाकायचाच नाही! अख्खा रस्ता दुसऱ्यावर. इंजिन केविलवाणं ओरडायचं. मागून कोणीतरी बोंबलायचं, “अरे हरेश, गाडी हाय का नांगर?” हा आपला समोर बघून गंभीर. मी खिडकीबाहेर बघून गंभीर. हसू दाबून दाबून माझी बरगडी दुखायची.

“सांग ना, हा माल जातो कुठं?” फाट्यावर गोण्या उतरवताना तो दरवेळी विचारायचा.

“घरच्या माणसालाच सांगते मी.”

“मग घरचं व्हायला काय करावं लागतं?”

“ते बाहेरच्या माणसाला सांगत नाय.”

असं बोलून मी गोणी डोक्यावर घ्यायचे आणि उतरणीला लागायचे. मागे वळून बघायचं नाही, असं ठरवलेलं. वळणावर मात्र एकदा बघायचेच. जीप तिथंच. इंजिन बंद.

तेव्हा मला वाटत होतं, सगळा खेळ माझ्या हातात आहे. न सांगण्यातली गंमत महागात पडणार होती, हे मला कुठं ठाऊक!

शिमगा झाला. चैत्र लागला, आणि आमच्याकडच्या उतारांवर ठिकठिकाणी धुराच्या रेघा उभ्या राहायला लागल्या. राब भाजायचे दिवस. भात-नागलीची रोपं जिथं पेरायची, त्या जागेवर शेण पसरायचं, वर झाडाचे डहाळे, त्यावर पातेरा आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर, आणि वारा बघून पेटवून द्यायचं. पावसात त्या भाजलेल्या जागेत रोप असं तरारून येतं की बघत राहावं.

आणि आमच्या पाड्यांवर राबाबरोबर एक रीतही आहे. मुलाला मुलगी आवडली की तो आधी तोंड उघडत नाही. तिच्या बापाच्या रानात एखादं काम न सांगता करून जातो. बांध घालतो, लाकडं फोडून ठेवतो, राब भाजून देतो. मग बाप घरी येऊन मुलीला एवढंच विचारतो, कोणी केलं? मुलीनं नाव घेतलं तर पुढची बोलणी. ‘माहीत नाय’ म्हणाली तर विषय तिथंच संपला. कोणी कोणाच्या दारातून मान खाली घालून परत जात नाही. मला विचाराल तर भलती हुशार रीत आहे ही. नकार मिळाला तरी बापाचं काम फुकटात झालेलं असतं.

आमच्या रानाच्या कडेला, ओहोळाजवळ, माझं खत तयार झालं होतं. एका संध्याकाळी मी त्यात कोपरापर्यंत हात घातला. थंड! कोवळं खत आतून गरम लागतं. त्यात रोप लावलं की मुळं भाजतात. हे थंड होतं, काळंभोर, आणि वास... कोबीचा नाही, टोमॅटोचा नाही. जंगलाचा. मी मूठभर वाटीत घालून पिकलंय का ते बघायला मेथी पेरली होती, तीही हिरवीगार उगवली होती. आता फक्त नर्सरीत न्यायचं बाकी. तोवर वाळू नये म्हणून मी ती लांबट, बुटकी रास पातेऱ्यानं झाकली आणि वरून मातीचा पातळ थर दिला.

म्हणजे दिसायला कशी झाली? हुबेहूब राबासारखी.

हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी राब बघत लहानाची मोठी झाले, पण त्या राशीकडे बघताना मला फक्त मोरपंखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. बा कामासाठी मोखाड्याला गेलेला. सहज बाहेर बघितलं तर आमच्या रानातून धूर. कसली चप्पल न् कसलं काय... मी पळत सुटले.

हरेश! हातात ओला डहाळा, आग बांधापलीकडे जाऊ नये म्हणून कडेकडेनं झोडपतोय. तोंड काळं, दात पांढरे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही किल्ला जिंकलाय.

“आलीस? अजून थोडा वेळ लागेल!” तो लांबूनच ओरडला. “वारा बघून पेटवलाय. कसा एका रेषेत चाललाय बघ!”

“पाणी! पाणी आण!”

“पाणी? राबावर?”

“हा राब नाय! हे खत हाय माझं!”

त्याची भुवई वर गेली. पहिल्यांदाच दोन्ही गेल्या.

“कसलं खत?”

“तुझ्याच गाडीतनं आलेलं! कोबी! चिपाडं! देवळातला झेंडू! सगळं!”

“म्हणजे तुझं ते सासर... हे?”

मी उत्तर द्यायला थांबले नाही. ओहोळात डबकंभर पाणी उरलेलं. मी हंडा भरून ओतते, तो बादली भरून ओततो. वाफ, धूर, चिखल. मी रडतेय आणि रडता रडता त्याला शिव्या देतेय. तो एकही शब्द उलट न बोलता पळतोय. आग दबली तेव्हा आम्ही दोघंही कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसत होतो.

“आमच्या रानात तू आलासच कशाला?” मी ओरडले.

“मी... बुधाकाकांचा राब...”

तो थांबला. मीही थांबले. हातातला हंडा तसाच.

बुधाकाका म्हणजे माझा बा. हा न सांगता आला होता. काम करून न सांगताच जाणार होता.

इकडे माझं खत जळालं होतं. आणि इकडेच मला मागणी आली होती. एकाच ढिगावर, एकाच काडीनं! रडू थांबेना आणि आत कोणीतरी ढोल बडवतंय. कोणाचं ऐकावं? मी मोठ्यानं नाक ओढलं आणि म्हटलं, “फावडं आण.”

त्यानं फावडं आणलं. वरचा जळका थर बाजूला केला. कडा गेल्या होत्या, नुसती राख. पण त्याच्या खाली... मी हात घातला. ओलं. थंड. काळं. रास आतून एवढी भिजलेली होती की आग पोटापर्यंत पोचलीच नव्हती.

“वाचलं?” त्यानं विचारलं.

“अर्धं. राखेचा कण त्यात जाता कामा नये. मोरपंखीला जराशी आंबट माती लागते, राखेनं ती बिघडते.” आणि मग पहिल्यांदाच मी त्याला सगळं सांगितलं. नर्सरी, बाई, खारट भुसा, पावसाळा, ठाणे.

‘ठाणे’ म्हटल्यावर तो खाली बसला.

“अर्ध्यानं भागेल?”

“नाय भागणार. तितकंच आणखी पाहिजे. जुनं, कुजलेलं, थंड झालेलं. नवीन करायला घेतलं तर पाऊस येईल.”

तो राखेत काडीनं रेघा ओढत राहिला. मग एक भुवई वर गेली. एकच.

“भाताचा तूस चालेल? दाभोशाच्या वाटेला एक बंद पडलेली गिरणी हाय. मागं तुसाचा डोंगर. वरून पिवळा, आतून असाच काळा. लहानपणी आम्ही गळाला लावायला तिथनंच गांडुळं काढायचो.”

“गांडुळं?” मी उठूनच उभी राहिले. “गांडुळं होती त्यात?”

“एवढाली!”

कोणाला फुलं दाखवून जिंकतात. मला गांडुळं पुरली.

“मेथी पेरून बघावी लागेल आधी,” मी आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं.

“बघू. आणि...” तो काडीकडेच बघत होता. “काका विचारतील संध्याकाळी. तू... नाव सांगशील?”

“रोपांनी मुळं धरली तर.”

“आणि नाय धरली तर?”

“तर मी ठाण्याला. मग नाव घेऊन काय करायचं?”

संध्याकाळी बा आला. रानाकडून येताना त्यानं सगळं बघितलेलं. ओसरीवर टेकला, पाणी प्यायला, मिशी पुसली. डोळ्यांत मिश्किली.

“चंदना, राब कोणी भाजला?”

“आत्ता नाय सांगत.”

बा चक्रावला. “असं कसं? एक तर नाव घेतात, नायतर माहीत नाय म्हणतात. दोनच असतात.”

“मी तिसरं काढलंय.”

बानं पुन्हा मिशी पुसली. मग म्हणाला, “बरं. मग मी पुन्हा विचारीन. आणि जागा भाजलीच हाय, तर नागली टाकतो तिथं.”

हरेशनं तूस आणला. तपासणीची मेथी मी नर्सरीत पेरलीच, पण त्याला धीर कुठला? त्यानं एका जुन्या ट्रेत तुसाचं काळं मिश्रण भरलं, मेथी पेरली, आणि ट्रे ठेवला जीपच्या डॅशबोर्डवर! अख्खा मोखाडा-जव्हार रस्ता ती मेथी हिंडली. “टेस्ट चालू हाय, हात लावू नका,” असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. मेथी उगवली. मेथी तरारली. एक दिवस फाट्यावर जीप उभी असताना एका बकरीनं खिडकीतून मान घातली आणि सगळी फस्त केली.

हरेश धावत नर्सरीत आला. “बकरीनं खाल्ली! आता पास का नापास?”

“बकरीला विचार,” मी म्हटलं.

माझ्याबरोबर काम करणारी गोजाबाई पिशव्या भरता भरता थांबली. तिच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. “काय रे जीपवाल्या, तू रोपं बघायला येतोस का रोपवालीला?”

“मावशी, मी तूस टाकायला येतो.”

“तूस तर मागच्या खेपेलाच पुरला. आज गोणीत काय हाय?”

हरेशनं गोणीकडे बघितलं. गोणी रिकामी होती. गोजाबाई एवढी हसली की तिची भरलेली पिशवी उलटी झाली.

पिशव्या भरल्या. वाचलेलं खत आणि जुना तूस, चाळून, हातानं एकजीव करून. फांद्या खोचल्या. मग पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस माहितेय ना? डोंगर दिसेनासे होतात, आवाज तेवढे उरतात. आणि रोपं नुसती उभी. ना वाढतात, ना मरतात. मुळं मातीच्या आत, आणि उपटून बघायची सोय नाही. कडेच्या रांगेतल्या काहींची टोकं तांबडी पडायला लागली. तिथं राख शिरली होती, ते मी ओळखलं. पण बाकीच्यांचं काय?

दर बाजाराला हरेश विचारायचा, “सांगितलंस?”

“काय?”

“काय ते तुला माहितेय.”

“मुळं दिसली की.”

“मी ऐकलंय, मुळांना गाणं म्हटलं की लवकर येतात.”

“मग म्हण.”

आणि तो खरंच म्हणायचा, दुसऱ्या गिअरच्या सुरात. मुळं यायची ती परत गेली असती.

मग मावशीचा फोन आला. जागा धरून ठेवलीय, महिना संपायच्या आत ये. मी ‘कळवते’ म्हटलं. त्या दिवशी जीपमध्ये मी हरेशला ते सांगितलं. गाणं बंद झालं. वायपर नुसता काचेवर इकडून तिकडे हलत राहिला.

दुसऱ्याच दिवशी शीलाबाई छत्री घेऊन वाफ्यांपाशी आल्या. “चल, बघू या आता. काढ एक.”

माझा हात पुढे होईना. गोजाबाईनं तोंडावर पदर धरला. फाटकाबाहेर, ताडपत्रीखाली, एक माणूस उगाचच जीपचा टायर तपासत उभा होता. टायर चांगला होता.

बाईंनीच एक पिशवी उचलली, मधल्या रांगेतली. ब्लेडनं उभी चिरली. प्लॅस्टिक बाजूला केलं...

पांढरी! पांढरीशुभ्र मुळं, नागमोडी, त्या काळ्या मातीला चारी बाजूंनी मिठी मारून बसलेली. बाईंनी हलवलं तरी माती सुटली नाही. दुसरी पिशवी चिरली. तीच गत. तांबड्या टोकांची एक चिरली, तिच्यात काही नव्हतं. पण पुढची? पुन्हा पांढरी!

बाईंनी गोळा नाकाशी धरला. “अगं, कुजका वास नाही याला. शिरपामाळवर पहाटे येतो ना, तसा...” मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, नेहमीसारखं, वर्गात बघायच्या तसं. “पुढच्या हंगामाचं मिश्रण आतापासूनच लावायला घे. आणि रानात नको हं. इथंच कर, मागच्या बाजूला. वर पाटी लाव.”

“कसली पाटी, बाई?”

“पेटवू नये, अशी.”

गोजाबाई पदराआडून फिस्सकन हसली. म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं!

मी तशीच भिजत फाटकाबाहेर गेले. जीपमध्ये पुढं बसले; मागं गिऱ्हाइकं ताटकळत बसलेली. हरेश आत आला. माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. काय करू, सवय!

“काय झालं?”

“गाडी काढ.”

“नाय लागली?” त्यानं विचारलं. “चंदना... मी येऊ का मग ठाण्याला? टेम्पो काय, मी तिकडंही चालवतो. तू नाव घे नायतर नको घेऊ. मी तुला एवढंच...”

“गाडी काढ म्हटलं ना.”

त्यानं काढली. पहिला. दुसरा. पावसात जव्हारचा रस्ता चकाकत होता, कडेनं पाण्याच्या धारा धावत होत्या. इंजिन नेहमीसारखं ओरडायला लागलं. हरेशच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो समोरच्या पावसाला नावं ठेवत होता.

“हरेश.”

“हं.”

“तिसरा टाक की.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

“म्हणजे... मुळं?”

“पांढरीशुभ्र.”

त्यानं तिसरा टाकला. त्याचं ओलं कोपर माझ्या हाताला लागलं, आणि ते त्यानं काढून घेतलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे वा! गाडीला आज पाय फुटले!”

खात्यात काय लिहू? त्या दिवशी मी खातं मोडलं.

आमच्या रानात बा पावसात भिजत लावणीसाठी नागलीची रोपं उपटत होता. भाजलेल्या जागेतलं रोप एवढं दाट, एवढं काळपट हिरवं आलं होतं की शेजारचे बघायला येत होते. राख वर आणि माझ्या खताचा उरलेला थर खाली, दोघांनी मिळून ते वाढवलं होतं. हरेश फाट्यावर जीपपाशीच थांबला. पुढं यायची त्याची हिंमत होईना.

मी बांधावर उभी राहिले. बानं रोपाची जुडी बांधली, पाठ सरळ केली, माझ्याकडे बघितलं. मग वर, फाट्याकडे. मग परत माझ्याकडे.

“असला राब मी जन्मात नाय बघितला,” तो म्हणाला. “चंदना, कोणी भाजला?”

“हरेशनं.”

पाऊस कोसळत होता, पण मी काही हळू बोलले नव्हते. आणि बाचे कान असे, की ओहोळापलीकडे खेकडा हलला तरी त्याला कळतं. तरी त्यानं हात कानाशी नेला.

“पावसात ऐकू नाय आलं पोरी. परत सांग.”

मी परत सांगितलं. फाट्यापर्यंत जाईल असं.

वरून जीपचा हॉर्न वाजला, आणि थांबेचना.